परत गेलेलं पार्सल

२०१३ साली पुण्यातून सॅनिटरी नॅपकिन बनवणाऱ्या काही बड्या कंपन्यांच्या कार्यालयांकडे पार्सलं रवाना झाली. आत वापरलेली पॅड्स होती. पाठवणारी होती कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. माल तुमचा, नफा तुमचा, मग वापरून झाल्यावर जे उरतं ते आमच्या बायकांनी उघड्या हातांनी का उचलायचं, असा साधा सवाल त्यामागे होता. त्याआधी पत्रं लिहून झाली होती. प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावरही येते हे २०११च्या नियमांत आलं होतं, त्याचा दाखला देऊन झाला होता. पत्राला पत्राने उत्तर देऊन मोकळं होता येतं. टेबलावर येऊन पडलेल्या पार्सलाचं काय करायचं ते मात्र ठरवावंच लागतं.

उद्योग आणि स्वयंसेवी संस्था यांच्या भागीदारीवरचा लेख अशा घाणीपासून सुरू करणं काहींना रुचणार नाही. या विषयावरचे समारंभ मी बरेच पाहिले आहेत. समोर सामंजस्य करार, मागे फ्लेक्स, शाल-श्रीफळ आणि पुठ्ठ्यावर छापलेला भला मोठा धनादेश. त्या धनादेशामागे बहुतेकदा चांगली इच्छा असते, याबद्दल मला शंका नाही. पण गेल्या तीसेक वर्षांत पुण्याच्या कचऱ्याभोवती जे घडलं ते पाहिलं, की माझं मत असं होतं: टिकणारी भागीदारी देणगीतून कमी आणि हिशेबातून जास्त उभी राहते. कोणाचा माल कोणाच्या हातात येतो, त्याचा खर्च कोण सोसतं, हे एकदा तोंडावर बोललं गेलं की पुढची बोलणी बरोबरीने होतात. आणि तोंडावर बोलायचं तर बोलणाऱ्याच्या पायाखाली स्वतःची जमीन लागते.

पार्सलात काय होतं ते समजून घ्यायचं तर सकाळी अकराच्या सुमारास पुण्यातल्या एखाद्या उपनगरातल्या शेडपाशी उभं राहावं. ‘स्वच्छ’च्या बायका पहाटे घर सोडतात. सात-साडेसातला सोसायटीत येऊन जिने चढतात, दारोदार डबे रिकामे करतात. ‘मावशी, आज पाहुणे होते, जरा जास्त आहे हं,’ असं म्हणत कुणी आणखी एक गच्च पिशवी पुढे करतं. ओला कचरा महापालिकेच्या गाडीत जातो. सुका कचरा ढकलगाडीवरून शेडमध्ये येतो आणि मग निवडणं सुरू होतं. पाण्याच्या बाटल्या एकीकडे, कंपनी कुठलीही असो, भंगाराच्या भाषेत ती ‘बिसलरी’च. पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. कडक प्लास्टिक, काच, पत्रा. प्रत्येकाचं पोतं निराळं, कारण प्रत्येकाचा भाव निराळा. घरोघरचं महिन्याचं शुल्क आणि या पोत्यांचे भंगाराच्या दुकानात येणारे पैसे, एवढ्या दोन पायांवर त्या बाईचं घर चालतं.

या ढिगात मधूनच एक गाठ मारलेली काळी पिशवी निघते. आत विकता येण्याजोगी बाटली असू शकते, वापरलेलं पॅड असू शकतं, बाळाचं डायपरही असू शकतं. बाहेरून कळायला मार्ग नाही. उघडावीच लागते. दिवसातून कितीतरी वेळा उघडावी लागते. रक्त वाळलेलं असतं, उन्हाळ्यात माश्या असतात, आणि तासाभराने त्याच हातांनी भाकरी खायची असते. हातमोजे दिलेले असतात, पण अनेकजणी ते काढून ठेवतात. बाहेरच्या माणसाला हा निष्काळजीपणा वाटतो. जाड रबराच्या मोज्यात बोटांना काचेची कड लागत नाही, कागद कोणता आणि प्लास्टिक कोणतं ते उमगत नाही, आणि घामाने हात आतल्या आत भिजून सोलतात. त्यांचं सगळं कसब बोटांत आहे. ते झाकलं की काम अर्ध्यावर येतं.

यावर ‘स्वच्छ’ने काढलेला उपाय अगदी साधा होता. पॅड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि वर लाल शाईने ठसठशीत ठिपका काढायचा. ठिपका दिसला की ती गुंडाळी न उघडता बाजूला जाते. जोडीला कचरावेचक बायकांनीच जुन्या वर्तमानपत्रांपासून कागदी पिशव्या बनवून विकायला सुरुवात केली. आता ज्या कंपनीकडे पॅडच्या वेष्टनावर आणि जाहिरातीवर खर्च करायला पैसे आहेत, तिने प्रत्येक पाकिटात असं एक वेष्टन का घालू नये? पार्सलामागची मागणी एवढीच होती. ८ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ती कायद्याच्या भाषेत आली: पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांनी विल्हेवाटीसाठी पाकिटासोबत पिशवी किंवा वेष्टन द्यावं. ही तरतूद केवळ पुण्याच्या पार्सलांमुळे आली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण देशातल्या ज्या आवाजांमुळे हा विषय लाजेच्या पडद्यामागून नियमाच्या कलमापर्यंत पोचला, त्यात पुण्याचा आवाज ठळक होता. अंमलबजावणी मात्र आजही अर्धीमुर्धीच आहे. वेष्टन मिळालं तरी घरी ते कितीजण वापरतात हा प्रश्न वेगळाच.

एवढ्या मोठ्या कंपन्यांशी असं भांडण काढायची ताकद या बायकांत आली कुठून?

१९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये काम करू लागल्या. या बायका बहुतेक दलित समाजातल्या. मराठवाडा-सोलापूरकडून, विशेषतः १९७२च्या दुष्काळात, शहरात आलेल्या कुटुंबांतल्या अनेकजणी त्यांत होत्या. उकिरड्यावर वाकून वेचण्यापेक्षा घराच्या दारात वेगळा केलेला कचरा मिळाला तर इज्जतही राहील आणि मालही स्वच्छ मिळेल, या विचाराने काही बायकांसाठी दारोदार गोळा करण्याची सोय लावून पाहिली. ती जमते आहे असं दिसताच एका उद्योजकाने तीच सेवा गाडीवरून द्यायचा घाट घातला. या बायकांची आणि उद्योगजगताची पहिली गाठ पडली ती अशी, प्रतिस्पर्धी म्हणून. बायका रस्त्यावर उतरल्या. आपण विखुरलेल्या राहिलो तर उद्या कचराही आपला राहणार नाही, हे त्या वेळी त्यांना कळून चुकलं. मे १९९३ मध्ये मोठी परिषद भरली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. हमाल पंचायत बांधणारे डॉ. बाबा आढाव पाठीशी होते, त्यामुळे असंघटित कष्टकऱ्यांची संघटना कशी चालवायची याचा अनुभव घरातच होता.

त्यानंतरची वर्षं समारंभांची नव्हती. ओळखपत्रांसाठी भांडायचं, भंगाराच्या दुकानातल्या काट्यावर नजर ठेवायची, पतसंस्था उभी करायची, मुलांना उकिरड्यावरून शाळेत न्यायचं. महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांवर आपला शिक्का दिला. देशात असं करणाऱ्या पहिल्या महापालिकांत पुण्याचं नाव आहे. पोलिसाने हटकलं तर दाखवायला हाती काहीतरी आलं. या बायकांच्या कामाने पालिकेचा वाहतुकीचा आणि कचरा जिरवण्याचा किती खर्च वाचतो, याचा अभ्यासही संघटनेने मांडला. २००८ साली याच संघटनेतून ‘स्वच्छ’ ही सेवा सहकारी संस्था निघाली, तिची मालकी कचरावेचकांची, आणि तिने महापालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा पाच वर्षांचा करार केला. आज साडेतीन हजारांवर माणसं, त्यांत बहुसंख्य बायका, त्या व्यवस्थेत काम करतात. म्हणजे २०१३ साली पार्सल गेलं तेव्हा त्यामागे वीस वर्षांची संघटना होती, करार होता, सभासदांची वर्गणी होती. कंपनी रागावली असती तर त्यांची चूल विझणार नव्हती. सगळ्या कथेतली ही गोष्ट मला कळीची वाटते.

कारण बहुतेक स्वयंसेवी संस्थांची स्थिती याच्या बरोबर उलट असते.

कंपनी कायदा २०१३ मधलं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटींची, किंवा उलाढाल १००० कोटींची, किंवा निव्वळ नफा ५ कोटींचा, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर, म्हणजे ‘सीएसआर’वर, खर्च करायचे. २०२२-२३ या वर्षात देशभरात या खात्यावर सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च झाले, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता. रक्कम लहान नाही. आपल्याकडे उद्योगपतींनी समाजकार्याला हात देण्याची परंपराही या कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९३६ साली मुंबईत समाजकार्य शिकवणारी संस्था काढली, तीच आजची ‘टिस’. जमनालाल बजाजांनी वर्ध्याची आपली जागा ग्रामोद्योगाच्या कामाला दिली, तिथे मगनवाडी उभी राहिली. पण त्या नात्यात देणारा माणूस स्वतः कामात गुंतलेला असे. जमनालालजी नुसते देणगीदार नव्हते, ते त्या कामासाठी तुरुंगात गेले होते. कायद्याने पैसा आणला. गुंतणं कायद्याला आणता येत नाही. ते ज्याचं त्याला करावं लागतं.

एका संस्थेच्या अंदाजपत्रकावर कंपनीच्या माणसांशी चाललेल्या चर्चेला मी बसले होते. दोघांची नावं इथे नकोत, कारण हे अनेक ठिकाणी असंच होतं. तक्त्यात ओळी होत्या: ढकलगाड्या, हातमोजे, गमबूट, आरोग्य तपासणी शिबिर, शेडचं छप्पर, समन्वयकाचं मानधन, वजनकाट्याची दुरुस्ती, लाईटबिल. पहिल्या चार ओळी तासाभरात मंजूर झाल्या, गाड्यांची संख्या तर वाढवून मिळाली. छपराचं ‘बघू’ झालं. शेवटच्या तिन्हींवर लाल रेघ. ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर नेता येत नाही,’ असं कारण सांगितलं गेलं. संस्थेच्या कार्यकर्तीने मान हलवली. ती तरी काय करणार? पुढच्या महिन्याचे पगार त्याच सहीवर अडकले होते.

आणि ते कारण मुळात चुकीचं आहे. सीएसआर नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यावर होणारा थेट खर्च त्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळला आहे. म्हणजे शेड चालवणाऱ्या समन्वयकाचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च. तरीही ‘पाच टक्के’ हा आकडा संस्थांच्या डोक्यावर टांगलेला राहतो. परिणाम काय होतो? नव्या कोऱ्या गाड्या येतात, त्यावर बोधचिन्ह असतं, फोटो निघतात. सहा महिन्यांनी चाकाचं बेअरिंग जातं. ते बदलायला कुणाच्या तक्त्यात ओळ नसते. वजनकाटा बिघडलेला असेल तर बाईने आणलेल्या मालाचं माप पुन्हा भंगारवाल्याच्या शब्दावर जातं.

वर्षाचं चक्र ही आणखी एक अडचण. बरेचसे प्रकल्प एप्रिल ते मार्चच्या चौकटीत मोजले जातात. मंजुरी यायला पावसाळा संपतो, पैसे दिवाळीनंतर येतात, आणि जानेवारीपासून खर्चाची धावपळ. कायद्यात खरं तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाची सोय आहे. न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून तीन वर्षांत वापरता येते. ही सोय सगळ्या कंपन्यांनी मन लावून वापरली तर संस्थांचं अर्धं दुखणं कमी होईल. २०२१च्या दुरुस्तीने आणखी एक चांगलं दार उघडलं आहे: या पैशातून घेतलेली मालमत्ता लाभार्थींच्या बचत गटाच्या किंवा समूहाच्या नावावर करता येते. म्हणजे गाडी, माल दाबून गठ्ठे बांधणारा बेलर, वजनकाटा हे बायकांच्या गटाच्या मालकीचं होऊ शकतं. अडचण आहे ती निराळ्या जागी. सीएसआरचा पैसा घ्यायला न्यास, नोंदणीकृत संस्था किंवा कलम ८ खालची बिगरनफा कंपनी लागते, करसवलतीची नोंदणी लागते. सभासदांच्या मालकीची सहकारी संस्था आणि कामगार संघटना यांना या चौकटीत सरळ जागा नाही. कष्टकऱ्यांची स्वतःची जी खरी घडण, तिलाच वळसा घालून पैसा यावा लागतो. हे मला खटकतं आणि ते बदलायला हवं.

कंपनीच्या बाजूचंही ऐकलं पाहिजे. सीएसआर विभागात काम करणारी अनेक तरुण मुलं-मुली मनापासून काम करतात. त्यांना संचालक मंडळापुढे आकडे ठेवावे लागतात, लेखापरीक्षकाला पावत्या दाखवाव्या लागतात. संस्थांकडून हिशेब वेळेवर येत नाहीत, एका व्यक्तीभोवती सगळं फिरतं, फसलेलं काही सांगायचंच नाही अशी सवय असते, या तक्रारी खोट्या नाहीत. फसलेलं सांगितलं तर पैसा बंद होईल ही भीती संस्थेला, आणि सगळं छानच आहे असा अहवाल वाचून कंटाळा कंपनीला. दोघंही एकमेकांना खूश ठेवण्यात वर्ष घालवतात. कामाचं बोलणं राहूनच जातं.

हे बोलणं कधी होतं? माझ्या पाहण्यात, कंपनीचं धंद्यातलं कौशल्य किंवा धंद्यातला माल मध्ये आला की होतं. कात्रजला शून्य कचरा प्रभागाचा प्रयोग झाला तेव्हा महापालिका, मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेने सुरू केलेली ‘जनवाणी’, कमिन्स इंडिया आणि ‘स्वच्छ’ असे चौघं एकत्र होते. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोवर शहराचा कचरा नेण्याला तिथल्या गावकऱ्यांनी ठाम विरोध केला होता, रस्ते अडवले होते. कचरा जिथे तयार होतो तिथेच वेगळा करण्यावाचून शहराला गत्यंतर नव्हतं. कारखान्यात काम करणारी माणसं स्वयंसेवक म्हणून लोकांना ओला-सुका समजावायला गेली. कारखान्यातल्या माणसाला एका टप्प्यावरची चूक पुढच्या टप्प्यावर किती महाग पडते हे कुणी शिकवावं लागत नाही. घरात दोन डबे ठेवले नाहीत तर शेडमध्ये बाईचे तीन तास जातात, ही गोष्ट त्यांना चटकन पटते. प्रत्येक भागीदाराने जे त्याला येतं ते आणलं होतं: पालिकेने गाड्या आणि जागा, चेंबरने ओळखीपाळखी, कारखान्याने माणसं आणि शिस्त, ‘स्वच्छ’ने रोज पहाटे उठणारे हात.

दुसरा प्रसंग पाकिटांचा. वेफर्सचं, बिस्किटांचं, नूडल्सच्या मसाल्याचं चकचकीत पाकीट म्हणजे प्लास्टिकचे निरनिराळे थर आणि बहुधा धातूचा मुलामा. थर वेगळे काढणं जवळपास अशक्य, म्हणून भंगाराच्या दुकानात त्याला भाव शून्य. बाई ते हातात घेते, ओळखते आणि टाकून देते, कारण त्यासाठी वाकायलाही परवडत नाही. म्हणून ते नाल्यात दिसतं. २०१८च्या सुमारास आयटीसीने ‘स्वच्छ’बरोबर पुण्यात ही बहुस्तरीय पाकिटं गोळा करण्याचं काम सुरू केलं. ज्याला बाजारात भाव नाही त्याला गोळा करणाऱ्याच्या हाती मोबदला मिळेल अशी व्यवस्था केली, की तेच हात तेच पाकीट बाजूच्या पोत्यात टाकू लागतात. त्याला प्रबोधन लागत नाही, घोषणा लागत नाही.

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. गोळा झालेली पाकिटं पुढे बहुधा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जळतात किंवा दाबून त्यांच्या हलक्या दर्जाच्या वस्तू होतात. त्यातून पुन्हा पाकीट होत नाही. खरा उपाय शेडमध्ये नाही, कंपनीच्या पॅकेजिंग विभागात आहे, थर कमी करण्यात आहे. पण पॅकेजिंगच्या अभियंत्याला आपलं पाकीट निवडणारी बाई कधी भेटलेलीच नसते. भागीदारीचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही, की या दोघांची गाठ घालून द्यावी. कोणतं झाकण बाटलीपासून सुटत नाही, कोणत्या लेबलाच्या गोंदामुळे भाव पडतो, कोणता रंगीत प्लास्टिकचा डबा भंगारवाला घ्यायला तयार होत नाही, हे ज्ञान तिच्याकडे तोंडपाठ आहे.

मालाचं नातं किती पुढे जाऊ शकतं हे बंगळुरूत दिसलं. पुण्यातल्या कष्टकरी पंचायतीच्या उभारणीत असलेल्या नलिनी शेखर यांनी तिथे ‘हसिरु दळ’ ही कचरावेचकांची संस्था उभी केली. ‘द बॉडी शॉप’ या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने २०१९ साली ‘प्लास्टिक्स फॉर चेंज’ आणि ‘हसिरु दळ’ यांच्यासोबत बंगळुरूच्या कचरावेचकांनी गोळा केलेलं प्लास्टिक आपल्या बाटल्यांसाठी विकत घ्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी २५० टन घ्यायचं ठरलं. विकत घेतलं, हे महत्त्वाचं. कच्चा माल म्हणून, ठरल्या भावाने, कंपनीच्या खरेदी विभागातून. खनिज तेल स्वस्त झालं की नवं प्लास्टिक स्वस्त होतं आणि भंगाराचा भाव कोसळतो. वेचणाऱ्या बाईने काहीही चूक केलेली नसते, तरी तिची कमाई अर्ध्यावर येते. लॉकडाऊनमध्ये तर भंगाराची दुकानंच बंद झाली. अशा वेळी आधी ठरलेला भाव असलेला ग्राहक हाच खरा आधार. हातमोज्यांच्या पेटीने ते काम होत नाही.

देणगीची बाजू आणि धंद्याची बाजू यांत कायद्यानेही एक रेघ ओढून ठेवली आहे आणि ती मला फार योग्य वाटते. दुसऱ्या कोणत्याही कायद्याने बंधनकारक असलेलं काम कंपनीला सीएसआरच्या खात्यात दाखवता येत नाही. प्लास्टिक पाकिटं बाजारात आणणाऱ्याने ती परत गोळा करायची, ही जबाबदारी २०१६च्या प्लास्टिक नियमांनी आणि फेब्रुवारी २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उत्पादकावर टाकली आहे. म्हणजे आपलं पाकीट उचलणाऱ्या बाईला मोबदला देणं हा उपकार होऊ शकत नाही, ते देणं आहे. सामंजस्य करार लिहिताना हे दोन खिसे वेगळे ठेवले तर बऱ्याच गोष्टी सुटतात. तिच्या मुलीची शिष्यवृत्ती, आरोग्य तपासणी, शेडमधलं शौचालय हे एका खिशातून. पाकिटामागचा मोबदला दुसऱ्या खिशातून, आणि त्यासाठी कुणी टाळ्यांची अपेक्षा ठेवायची नाही.

संघटनेचं स्थान मात्र कायमचं सुरक्षित नाही. २०२०च्या अखेरीस ‘स्वच्छ’चा महापालिकेबरोबरचा करार संपला तेव्हा ते काम खासगी ठेकेदारांकडे देण्याची चर्चा जोरात होती. बायका पुन्हा रस्त्यावर आल्या. या वेळी सोसायट्यांमधली माणसंही त्यांच्या बाजूने बोलली, पत्रं लिहिली, नगरसेवकांना फोन केले. करार वाढवून मिळाला. त्या काळात मला सारखं वाटत होतं, की ज्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत या बायकांचे हसरे फोटो छापलेले आहेत, त्यांनीही आपलं वजन जाहीरपणे वापरावं. भागीदार म्हणवून घ्यायचं तर भागीदाराची रोजी धोक्यात आल्यावर तोंड उघडायला हवं.

आता नवी अडचण उभी आहे. उत्पादकाची जबाबदारी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्रांच्या रूपात मोजली जाते. पुनर्प्रक्रिया करणारा कारखाना प्रमाणपत्र तयार करतो, उत्पादक कंपनी ते विकत घेते आणि वर्षाचं उद्दिष्ट पूर्ण झालं असं दाखवते. या साखळीच्या अगदी टोकाला, पहिला वाकणारा हात ज्या बाईचा, तिची नोंद त्या प्रमाणपत्रात सापडत नाही. पैसा कारखान्यापर्यंत येतो, शेडपर्यंत झिरपतोच असं नाही. यासाठी नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. खरेदीच्या करारात चार ओळी वाढवता येतात: माल कुणी गोळा केला, किलोमागे तिच्या हातात किती गेले, भाव पडला तरी कमीत कमी किती मिळतील, आणि ही रक्कम तिच्या खात्यात जमा झाल्याचा पुरावा. पुरवठादाराकडून गुणवत्तेचे शंभर दाखले मागणाऱ्या खरेदी विभागाला आणखी एक दाखला मागणं जड नाही.

दिवाळीनंतर कंपन्यांच्या सीएसआर समित्यांच्या बैठका सुरू होतात आणि मार्चची घाई डोळ्यांपुढे दिसू लागते. यंदा त्या बैठकीला पॅकेजिंग आणि खरेदी विभागाचा एकेक माणूस बोलावावा. कचरावेचकांच्या संघटनेच्या दोन प्रतिनिधींना बोलवावं आणि सादरीकरण त्यांना आधी करू द्यावं. मिठाईची, फरसाणाची, सुक्या मेव्याची पाकिटं वर्षात सर्वाधिक निघतात ती याच दिवसांत. भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात एखाद्या शेडवर जाऊन, कोणत्या कंपनीची किती किलो आली हे वजनकाट्यावर बघावं, आणि पुढच्या तीन वर्षांचा करार तो आकडा धरून लिहायला घ्यावा. वजनकाट्याच्या दुरुस्तीचा खर्चही त्यातच धरावा.